गायींना सांगायचं राहिलं

यीस्ट ना? आहे की. देते. पण आनेके, आलीच आहेस तर कोट काढ आणि बस. दहा वाजलेत. दहाची कॉफी न पिता आपल्या लोकांत कुणी कुणाच्या घरून निघत नाही, आणि तुझं पीठ काही पळून जात नाही. त्या खुर्चीवर नको, खिडकीजवळच्या बस. चुलीजवळची राहू दे.

बिस्कीट घे. अजून एक घे. अगं हो, दुसरं! बघतेस काय अशी? एका कपाला एक बिस्कीट देऊन डब्याचं झाकण लावणारी बाई म्हणून माझी ख्याती आहे, ठाऊक आहे मला. आज झाकण उघडंच ठेवलंय. मला नको. मला शनिवारपासून भूकच नाही.

तू इथे राहायला आलीस त्याला सात महिने झाले. माझ्या फाटकाला सगळ्यात जवळचं फाटक तुझं, म्हणजे तू माझी पहिली शेजारीण. तुमच्या ग्रोनिंगनकडे हे किती पाळतात कोण जाणे, तिकडे हॉलंडात आमच्या ड्रेन्थमध्ये फार पाळायचे. बाळंतपण असलं की पाणी तापवायला पहिली शेजारीण. कुणी गेलं की अंग पुसून कपडे घालायला, घड्याळ थांबवायला, आरसा झाकायलाही तीच. घरच्यांनी रडायचं आणि शेजारणीने कामं उरकायची. त्यातलं एक काम तुला समजावून द्यायचंय, कारण इथे मिनेसोटात ते ठाऊक असलेलं माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. पण नुसतं काम सांगितलं तर तू मला खुळी म्हणशील. म्हणून पहिल्यापासून सांगते.

आणि एक आधीच सांगून ठेवते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. रविवारी दोनदा चर्चला जाते, जेवण झाल्यावर बायबलचा अध्याय वाचल्याशिवाय टेबलावरून उठत नाही. जे झालं ते सांगते. त्याला नाव काय द्यायचं ते तुझं तू बघ.

यान्तीन माझी मुलगी नाही.

हां, कप खाली ठेव आधी, सांडशील. सगळ्या गावाला ती माझी वाटते. तिलाही शनिवारपर्यंत तसंच वाटत होतं. ती माझ्या नवऱ्याची, लामर्टची, पण त्याच्या पहिल्या बायकोपासूनची. आल्त्ये तिचं नाव. ती दोघं तेव्हा आयोवात होती. नोव्हेंबरात यान्तीन झाली आणि तिसऱ्या दिवशी आल्त्ये तापाने गेली. बाळ बघायला येणाऱ्यांना आपण देतो ना, लोणी लावलेला टोस्ट आणि वर साखरेची बडीशेप, ते टोस्ट अजून ताटातच होते म्हणे. बाळ बघायला आलेल्या बायका तेच टोस्ट खाऊन तिला पुरायला गेल्या. दुसरं करायला कुणाचे हात होते?

लामर्टने गावी पाद्रीबुवांना पत्र घातलं. सात गायी आहेत, लहान मुलगी आहे, देवाला भिणारी आणि तब्येतीने धडधाकट बायको पाहिजे. मी चोवीस वर्षांची, घरात पाच बहिणी, आणि माझी उंची बघून मुलगे रस्ता बदलायचे. मी आले. बोट, आगगाडी, मग दुसरी आगगाडी. अकरा सालचा मार्च होता. स्टेशनावर तो टोपी हातात धरून उभा.

"तू रूल्फीन का?" म्हणाला.

"दुसरी कोण असणार? सगळी गाडी रिकामी झाली," मी म्हणाले.

तो हसला नाही. गुरुवारी आमचं लग्न लागलं.

बाळ तेव्हा फेन्नाकडे होतं. फेन्ना म्हणजे तिथली पहिली शेजारीण, साठीची, आमच्याच ड्रेन्थची, आवाज असा की शेतापलीकडून बोलावलं तरी बैल थांबायचे. चार महिने तिने यान्तीनला गाईच्या दुधाच्या बाटलीवर वाढवलं होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिने पोर आणून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "घे. खादाड आहे. बाटली दिसली की हात मारते."

हात मारते! त्या घरात आल्यापासून त्या पोरीने बाटलीला तोंड म्हणून लावलं नाही.

पहिल्या दिवशी वाटलं, नवी जागा, नवी बाई. दुसऱ्या दिवशी बाटलीचं बोंड बदललं, दूध पातळ केलं, साखर घातली. तिसऱ्या दिवशी मला घाम फुटला. चार महिन्यांचं पोर तीन दिवस उपाशी राहून जगत नाही, आनेके. आणि ही रडतही नव्हती! पाळण्यात पडल्या पडल्या वर बघायची. माझ्याकडे नाही. माझ्या खांद्याच्या जरा वर.

चौथ्या दिवशी धान्याच्या काट्यावर ठेवली. वजन वाढलं होतं.

डॉक्टर आला, तो जर्मन होता. त्याने तिचं पोट दाबलं, जीभ बघितली, म्हणाला, "बाई, मूल छान आहे. तुम्हीच खात जा जरा." पण पोरीच्या तोंडाला दुधाचा वास यायचा. गाईच्या नाही. मी पाच बहिणींची पोरं सांभाळलीत, अंगावर पिणाऱ्या मुलाचा वास मला कळतो. आणि त्यात दुसरा एक वास असायचा, बडीशेपेचा. बाळंतिणीला दूध यावं म्हणून देतात ना, तसा.

तिचा डावा गाल गार असायचा. बाकी अंग उबदार, आणि डावा गाल पंपाच्या दांड्यासारखा गार. चुलीजवळ ठेवा, लोकरीत गुंडाळा, काही उपयोग नाही. आठवड्याने गालापासून खाली डावा खांदा गार पडला. मग डावा हात.

गोठ्याचंही तेच. पहाटेची धार काढायला मी जायचे. सहा गायी धड होत्या. सातवी, दाराजवळची, ब्लेस, कपाळावर पांढरा पट्टा. आल्त्येची लाडकी. फेब्रुवारीत व्यालेली, कास ही एवढी हवी. मी बसले की चार थेंब. लामर्ट म्हणायचा, "तुझे हात नवे आहेत. पान्हा चोरते ती." मी म्हणाले, "चोरते ती गाय मला कळते. ही चोरत नाही. हिची धार काढून झालीय."

तो गप्प बसला. गप्प बसण्यात तो पटाईत होता, पण हे गप्प बसणं निराळं होतं. माझ्याकडे न बघता त्याने बादल्या उचलल्या आणि गेला.

मग तो रविवार.

एप्रिलचा मधला रविवार, लख्ख ऊन. यान्तीनला पडसं होतं म्हणून मी घरी राहिले आणि लामर्ट एकटा गाडी जुंपून चर्चला गेला. साडेदहा झाले असतील. पाळणा स्वयंपाकघरात होता, ती झोपली होती. मी पाणी आणायला पंपावर गेले. अंगणाच्या एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला गोठा, मधोमध पंप. वाराही नव्हता त्या दिवशी.

बादली भरून उचलली आणि गोठ्यातून आवाज आला. धार काढण्याचा. आधी रिकाम्या पत्र्यावर टणटण वाजतं, मग तळ झाकला की आवाज बसत जातो... तो बसत गेलेला मी ऐकला. रविवारी सकाळी साडेदहाला! आपल्यात रविवारचे बटाटेसुद्धा शनिवारी सोलून ठेवतात. मला भीती नाही वाटली, राग आला. म्हटलं कोण शेजारी आमच्या गाईचं दूध नेतोय बघू.

बादली तिथेच ठेवून गेले. दार उघडलं. आवाज थांबला.

कुणी नव्हतं. ब्लेसच्या बाजूला स्टूल होतं. पहाटे मी ते खिळ्याला अडकवून ठेवलं होतं. ब्लेस शांत रवंथ करत होती. तिची कास मऊ, रिकामी. आणि सातही गायींनी माना वळवल्या होत्या, माझ्याकडे. म्हणजे मला वाटलं माझ्याकडे. मी बाजूला सरकले तरी माना तशाच. त्या माझ्या मागे बघत होत्या, अंगणात. आणि मग त्या सगळ्या माना हळूहळू, एकाच वेळी, उजवीकडे वळायला लागल्या... अंगणातून कुणी चालत गेल्यावर वळतील तशा. पंपापासून घरापर्यंत.

मी मागे वळले. अंगण रिकामं. माझी बादली पंपाजवळ. पाणी हलत होतं.

धावले मी. घराच्या दाराशी लाकडी बुटांचा जोड होता. माझा माझ्या पायात होता, लामर्टचा त्याच्या जागी. हा लहान, बायकी, डाव्या बुटाला तार बांधून सांधलेला. ओला. टोकं घराकडे. आपण आत जाताना जसे काढून ठेवतो तसे.

आत बडीशेपेचा वास भरलेला. पाळणा रिकामा. आणि चुलीजवळ खुर्ची होती, हातांची, टेकायची. हीच ही. त्या खुर्चीवर यान्तीन होती. बसलेली नाही, पडलेली नाही, आडवी... डोकं डावीकडे कलतं. तिच्या डोक्याखाली काही नव्हतं, आनेके. डोकं बसकेला टेकलेलं नव्हतं. चार बोटं वर होतं.

ती पीत होती. ओठ हलत होते, घोट जाताना गळा हलत होता. कडेने दुधाचा थेंब ओघळला.

मला वाटलं होतं मी किंचाळेन. पण कुजबुजल्यासारखं म्हणाले, "कोण...?"

पोरीने डोळे फिरवून माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा वर.

"दे," मी म्हणाले. "दे मला ती... गार पडतेय ती. तुला कळत नाही का? गार पडतेय..."

काही झालं नाही. चुलीवरचं झाकण तेवढं वाजलं. मग पोरीचं डोकं सावकाश खाली आलं आणि उशीवर ठेवावं तसं बसकेवर टेकलं. मी तिला उचलली. डावी बाजू पार बर्फ, पायापर्यंत. आणि त्या घरात आल्यापासून ती पहिल्यांदा रडली. काय रडली!

दाराशी गेले तेव्हा बूट नव्हते. पायरीवर दोन ओले डाग होते, उन्हात वाळत चाललेले.

सोमवारी कपडे धुवायचे सोडून फेन्नाकडे गेले. सोमवारी बाई कपडे न धुता दारात आली म्हणजे कुणी मेलं असणार, असं समजून ती हात पुसतच बाहेर आली. मी सगळं सांगितलं. मग ती पायरीवर बसली.

"गायींना सांगायचं राहिलं," म्हणाली.

ड्रेन्थमधली जुनी मंडळी हे करायची. घरातलं माणूस गेलं, आणि विशेषतः घरधनी किंवा घरधनीण, तर त्याच दिवशी गोठ्यात जायचं. एकेका जनावराच्या कपाळावर हात ठेवायचा, नाव घ्यायचं आणि सांगायचं, तुझी मालकीण गेली, आजपासून अमुक तुझी मालकीण. न सांगता ठेवलं तर जनावरं वाट बघत राहतात. आणि कुणी वाट बघत असलं की गेलेल्याला जाता येत नाही. हे काम पहिल्या शेजारणीचं.

"मी निघाले होते गं," फेन्ना म्हणाली. "त्याच संध्याकाळी. लामर्टने अडवलं. पाद्रीबुवांनी त्याच महिन्यात प्रवचनात सांगितलं होतं, असली खुळं समुद्रापलीकडे टाकून या म्हणून. आणि हा पडला चर्चच्या वडीलमंडळातला. म्हणाला, 'माझ्या गोठ्यात हे चालणार नाही.' मी मोठ्या आवाजाची बाई, पण त्याचा चेहरा बघून परत फिरले. चूक माझी. आता तूच सांग. घरधनीण तू आहेस."

"आणि पोरगी? बाटली घेतली नाही तर?"

"घेईल. भूक लागली की घेईल."

"आणि नाहीच घेतली तर, फेन्ना? ते दूध बंद झालं आणि हिने माझ्या हातचं नाहीच घेतलं तर?"

माझा जीव तिथेच अडकला होता. ते चालू ठेवलं तर पोर गार पडत जाणार, आणि थांबवलं तर उपाशी मरणार.

"आणि लक्षात ठेव," मी निघाले तशी फेन्ना मागून ओरडली, "गोठ्यातल्या आणि घरातल्या प्रत्येक जिवाला सांगायचं. पोरीलासुद्धा."

रात्री जेवणावर लामर्टला सांगितलं. तो म्हणाला, "आता गायींना प्रवचन देणार का तू? मग चर्चमध्ये वाटतात तशा त्यांना पेपरमिंटच्या गोळ्याही वाट, झोपायला नकोत." मी हसले नाही. मी म्हणाले, "डाव्या बुटाला तार कुणी बांधली होती?"

त्याचा काटा हातातच राहिला.

"मी," तो म्हणाला. "पण ते बूट... मी जाळले, रूल्फीन. नोव्हेंबरातच जाळले."

मग तो बोलला. पोर घरी आल्यापासून त्याला रोज तो वास येत होता. एकदा दुपारी खुर्चीचा आवाजही ऐकला होता. त्याला सगळं ठाऊक होतं! आणि तो गप्प बसला.

"ती पोरीला पाजते," तो म्हणाला. "काय वाईट करते? येते... पाजते... जाते. मला वाटलं, असू दे. मला वाटलं, निदान एवढी तरी आहे."

"आणि मी कोण आहे या घरात?" मी विचारलं. "मोलकरीण?"

तो रडायला लागला. उंचापुरा माणूस, हातात काटा तसाच. मला त्याची दया आली, आणि इतका राग आला की ताट उचलून भिंतीवर मारावं. दोन्ही एकदम. बत्तीस वर्षं संसार केला मी त्याच्याशी, चांगला केला, पण ते वाक्य कधी गिळता आलं नाही. निदान एवढी तरी आहे म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी झाल्यावर मी गोठ्यात गेले. शेवटच्या गाईपासून सुरुवात केली. मीना. कपाळावर हात ठेवला. "मीना, तुझी मालकीण आल्त्ये गेली. आजपासून मी, रूल्फीन." लाज वाटत होती, एखादी शेजारीण बघेल म्हणून. मग रोझा. मग बाकीच्या. एकेक गाय ऐकायची आणि मान खाली घालायची, गवत खायला नाही, नुसती खाली. ब्लेस शेवटी. तिला सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं आणि अशी हंबरली की वासरू नेल्यावरच गाय तशी हंबरते. बराच वेळ. मी तिच्या गळ्यात हात टाकून उभी राहिले. मग मी बसले आणि तिने पान्हा सोडला. बादली भरली.

त्या दिवशी यान्तीन सकाळपासून रडली. बाटली लावली की तोंड फिरवायची, पाठ धनुष्यासारखी ताणायची. दुपार झाली. आवाज बसला तिचा. लामर्ट शेतातून दोनदा आला, दोनदा दारातूनच परत गेला. एकदा म्हणाला, "बघ, काय केलंस." मी पोरीला मांडीवर घेऊन बसले, याच खुर्चीवर. म्हटलं हवी तर तीही येऊ दे, पण पोर मांडीवरून उतरवणार नाही. चार वाजता तिने रडणं थांबवलं. मला वाटलं, संपलं. आणि ती बघत होती. वर नाही... माझ्याकडे. माझ्या डोळ्यांत. आणि तोंड उघडलं. सगळी बाटली प्यायली, ब्लेसच्या दुधाची. पिताना माझं बोट धरून ठेवलं होतं.

आता तिला सांगायचं राहिलं होतं. कपाळावर हात ठेवायचा, म्हणायचं, यान्तीन, तुझी आई गेली. सोपं आहे. पाच महिन्यांच्या पोराला काय कळतंय? पण माझ्या तोंडातून निघेना. तुझी आई गेली म्हणजे मी तुझी आई नव्हे. तिने नुकतंच माझं बोट धरलं होतं गं! मी नाही सांगितलं. फेन्नाने विचारलं तेव्हा सांगितलं म्हणाले. एवढं सोडलं तर आयुष्यात मी कधी खोटं बोलले नाही.

पुढच्याच वर्षी आम्ही इथे आलो. इथे आल्त्येचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, आणि लामर्टने कधी काढलं नाही. पोरीचं अंग उबदार झालं, फक्त डावा गाल गार राहिला. शाळेतली मुलं हात लावून बघायची. लग्नात तिचा नवरा म्हणाला होता, उन्हाळ्यात फार सोयीची बायको आहे. आम्ही सगळे हसलो. मीही हसले. लामर्ट गेला तेव्हा मी त्याच तासाला गोठ्यात जाऊन आले, पाद्रीबुवा बाहेर बसले होते तरी. तेव्हाही यान्तीनबद्दल मनात आलं, आणि तेव्हाही टाळलं.

तिची चारही पोरं तिने स्वतः पाजली, त्यामुळे कधी काही झालं नाही. कुणाला यायला जागाच नव्हती. पण आता तिची लेक कोबा बाळंत झाली, आणि कोबाला दूध आलं नाही. बाळ बाटलीवर. शुक्रवारी चर्चच्या बायकांच्या शिवणाला यान्तीन कौतुकाने सांगत होती, "काय गुणी बाळ आहे! दोन दिवस बाटलीला तोंड लावलं नाही, रडत नाही, आणि वजन वाढतंय. फक्त गालाला कितीही गुंडाळा, गारच."

माझ्या हातातली सुई बोटात गेली. बायका म्हणाल्या, चष्मा बदला.

शनिवारी तिला बोलावलं. तू बसलीस तिथेच बसली होती. तुला सांगितलं तसंच सगळं सांगितलं. तिच्या कॉफीवर साय धरली. मला वाटलं, ती उठेल आणि जाईल, आणि ही शेवटची भेट. एकेचाळीस वर्षं याच भीतीने तोंड शिवलं होतं मी. दुसरं काही नाही.

मग ती म्हणाली, "तू मला हे आत्ता सांगतेस. कोबाचं बाळ गार पडायला लागल्यावर."

"हो," मी म्हणाले.

"म्हणजे ते गार पडलं नसतं तर नसतंच सांगितलं."

"नसतं," मी म्हणाले. खोटं काय बोलू आता?

मी उठले, तिच्या कपाळावर हात ठेवला. "यान्तीन, तुझी आई आल्त्ये गेली. आजपासून..." पुढे जमेना. तिने माझं मनगट धरलं. बाळपणी बोट धरलं होतं तसंच घट्ट.

"आजपासून तू," ती म्हणाली. "बोल की. आजपासून मी, म्हण."

"आजपासून मी," मी म्हणाले. आणि हात कपाळावरून गालावर आणला तर माझ्या हाताखाली तिचा डावा गाल ऊन होत गेला, आनेके. तापलेल्या पावासारखा. आम्ही दोघी रडलो. दोन धडधाकट बायका, शनिवारच्या भरदुपारी. संध्याकाळी पाचला तिचा फोन आला. बाळाने आकांत मांडलाय, बाटलीवर बाटली पितंय, आणि दोन्ही गाल लाल.

एवढंच असतं तर तुला बसवून घेतलं नसतं.

शनिवारी जाताना ती दारात थांबली. म्हणाली, "आई," - हो, आईच म्हणाली - "गायींना सांगितलं. मला सांगितलं. पण तिला कुणी सांगितलं का?"

"कुणाला?"

"तिला. आल्त्येला. ती गेली हे तिला कुणी सांगितलं का?"

ताप चढलेला, बाजूला तीन दिवसांचं बाळ, पाजायची वेळ झालेली. त्यातच डोळे मिटले असतील. नाहीच सांगितलं कुणी. मग तिने माझ्या गालाला गाल लावला, निघताना लावते तसा, आणि मागे सरली.

"आई, तुझा गाल किती गार आहे," ती म्हणाली.

हात लाव. लाव, घाबरू नकोस. हा नाही, डावा... लागला ना? शनिवारपासून असा आहे. आणि सांगितलं ना, मला भूक नाही. आज मंगळवार. तीन दिवस पोटात अन्न नाही आणि अंगात थकवा नाही. दुपारी जरा डोळा लागतो त्या खुर्चीवर, आणि उठते तेव्हा तोंडाला बडीशेपेची चव असते. घरात बडीशेप नाही.

तर काम ऐक. मी गेले की पहिली शेजारीण तू. घड्याळ थांबव, आरसा झाक, हे तुला येतंच. गोठ्यात तीन गायी आहेत, त्यांची नावं मी फडताळाच्या दाराला आतून लिहून ठेवलीत. त्यांना सांग. यान्तीनला सांग. पाद्रीबुवा काही म्हणाले तर म्हणू देत. पण हे सगळं नंतर. मी एकेचाळीस वर्षं पहाटे पाचला उठलेली बाई आहे, मला कुणी थांबवलं नाही तर मी तशीच उठून बादल्या घेऊन चालायला लागेन आणि मला कळणारसुद्धा नाही.

म्हणून आधी या खोलीत ये. माझ्या कपाळावर हात ठेव. नाव घे, मोठ्याने, फेन्नासारखं.

आणि आधी मला सांग.